सायफाय चिलखत घरी बनवताना: आधी गोळी ठरवा, मग फोम कापा

एकांकिकेसाठी किंवा शॉर्टफिल्मसाठी सायफाय चिलखत बनवायचं म्हटलं की बहुतेक ग्रुप काय करतात, नेटवर चार फोटो बघतात, फोमच्या शीटवर तिरके तिरके आकार काढतात, वरून चांदीचा स्प्रे मारतात, एक निळी एलईडीची पट्टी चिकटवतात आणि झालं चिलखत. माझी पहिली दोन अशीच होती. फोटोत छान दिसतात, पण नट स्टेजवर आला, दोन पावलं चालला, खाली वाकला की पुठ्ठ्याचा खोका घातल्यासारखं वाटायला लागतं, मग त्याने संवाद कितीही जीव तोडून म्हटले तरी समोरच्याचा विश्वास बसत नाही.

खरं चिलखत कशापासून तरी वाचवायला बनलेलं असतं. त्याची जाडी, त्याचे कट, पट्टे कुठून कुठे जातात, गळ्यापाशी किती उंच आहे, हे सगळं त्या "कशापासून"मधून येतं, आणि गोष्ट तीनशे वर्षं पुढची असली तरी यातून सुटका नाही. म्हणून आता मी कटर हातात घ्यायच्या आधी दिग्दर्शकाला एकच विचारते: या माणसाला मारायला कोण येतंय, आणि हातात काय घेऊन येतंय? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी फोम विकतसुद्धा आणत नाही.

गेल्या वर्षी एका कॉलेजच्या ग्रुपचं काम केलं तेव्हाचं सांगते. गोष्ट लघुग्रहावरच्या खाणीतली, नायिका तिथली रखवालदार. त्यांना हवं होतं जाडजूड, सैनिकी, छातीवर मोठी प्लेट वगैरे. मी म्हटलं जरा विचार करा, बंद तळ आहे, हवा आतच कोंडलेली आहे, भिंतीपलीकडे पोकळी आहे, तिथे रायफल कोण चालवेल? एक गोळी भिंतीतून गेली तर मारणारा पण मेला. म्हणजे तिथे भांडण होणार ते चाकूने, खाणीतल्या ड्रिलच्या पात्याने, फार तर कमी वेगाच्या पिस्तुलाने. आता गंमत अशी की गोळीसाठीचं नेहमीचं मऊ व्हेस्ट चाकूच्या टोकाला भरवशाचं नसतं, टोक धाग्यांच्या मधून वाट काढतं, म्हणून चाकूसाठीची व्हेस्ट वेगळी करतात, विणकाम जास्त घट्ट असतं किंवा आत कड्यांची जाळी किंवा पातळ कडक थर असतो. एवढं बोलणं झाल्यावर डिझाइन जवळजवळ आपोआप आलं. छोट्या छोट्या पट्ट्या एकावर एक चढलेल्या, वरच्या पट्टीची कड खालचीवर, म्हणजे वरून खाली येणारा वार घसरून जाईल, गळ्याला उंच कॉलर, आणि काखेत फट नाही. छातीवरची मोठी प्लेट आम्ही काढूनच टाकली.

आता मारा कुठला आहे त्यावरून चिलखत कसं बदलतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण खरं डिझाइन इथेच होतं.

साधी पिस्तुलाची गोळी असेल तर कापड पुरतं. केव्हलार हा धागा १९६५ साली ड्युपाँट या अमेरिकी कंपनीत रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना सापडला, त्याचे अनेक थर एकमेकांवर ठेवले की गोळी आरपार न जाता जाळ्यात बॉल अडकावा तशी अडकते आणि तिचा जोर आजूबाजूच्या धाग्यांत पसरतो. पण गोळी अडली म्हणजे माणूस सुखरूप असं नाही, कापड आत ढकललं जातंच. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या सरकारी संस्थेच्या मानकाच्या चाचणीत व्हेस्टच्या मागे मातीचा ठोकळा ठेवून गोळी मारतात आणि त्या मातीत पडलेला खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही. ४४ मिलिमीटर म्हणजे पट्टीवर बघा किती होतात! तेवढा खड्डा पास धरतात. तेव्हा तुमच्या कथेतला माणूस गोळी खाऊन लगेच धावत सुटत असेल तर त्याला निदान चार श्वास कण्हू द्या.

रायफलची गोळी वेगळी. पिस्तुलाची साधारण सेकंदाला ३५० ते ४०० मीटरने येते, रायफलची ८००-९०० मीटरने, तिथे कापडाचं काम नाही, कडक प्लेट लागते. प्लेट बहुतेक वेळा सिरॅमिकची असते, अॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड, आणि मागे पॉलिइथिलीन किंवा अॅरमिडचा (केव्हलारच्याच जातीच्या धाग्याचा) थर. सिरॅमिक गोळीला फोडतं, स्वतःही तडकतं, आणि मागचा थर तुकडे पकडतो. आपल्या ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेल्या "भाभा कवच" या जॅकेटमध्येसुद्धा बोरॉन कार्बाइड आहे, सोबत कार्बन नॅनोट्यूबवालं पॉलिमर. म्हणजे सायफाय मटेरियल शोधायला फार लांब जायची गरज नाही, एक नमुना मुंबईतच तयार झालाय.

अवकाशात उघड्यावर काम करणारं पात्र असेल तर शत्रू बंदूक नसून कचरा असतो. पृथ्वीच्या कक्षेत तुकडे सरासरी सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतात. एवढ्या वेगाला जाड भिंत घालत बसलात तर वजन परवडणार नाही, म्हणून फ्रेड व्हिपल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी १९४७ साली वेगळीच युक्ती सुचवली, मुख्य भिंतीच्या पुढे थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा ठेवायचा. कण त्या पत्र्यावर आदळला की त्याचाच भुगा होतो, भुगा मधल्या फटीत पसरतो आणि मागच्या भिंतीवर विखरून पडतो. अवकाश स्थानकाला याच्या सुधारित ढाली आहेत. फोममध्ये करायला हे भारी आहे, आतली व्हेस्ट १० मिमीची, वर २ मिमीचा पातळ पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये फोमच्या गोट्या लावून दीड सेंटिमीटर फट ठेवायची. बाजूने लाइट पडला की ती फट दिसते आणि बघणाऱ्याला काही समजावून न सांगताही कळतं की ही काहीतरी वेगळी वस्तू आहे.

लेझर असेल तर लोक आरशासारखं चकाकतं चिलखत करतात. आरसा ठरावीक रंगाच्या प्रकाशालाच नीट परत पाठवतो आणि त्यावर धूळ, घाम, बोटाचा डाग असेल तर तिथेच तापायला लागतो, लढाईत स्वच्छ आरसा कुठून आणायचा? त्यापेक्षा जळून जाणारा थर जास्त पटतो, अवकाशयानाच्या उष्णतारोधक कवचासारखा, जो स्वतः जळत जळत उष्णता घेऊन जातो. मग चिलखतावर बदलता येतील अशा चौकोनी वड्या हव्यात, काही नव्या, काही काळ्या पडलेल्या, एक दोन गायब.

आणि जोरात मार बसला की घट्ट होणारं द्रावण, ज्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल, त्यावर खरंच काम झालंय, डेलावेअर विद्यापीठ आणि अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेने केव्हलारला पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये सिलिकाचे बारीक कण मिसळून लावलं होतं. घरी बघायचं असेल तर वाटीत कॉर्नफ्लोअरमध्ये थोडंसं पाणी घाला, बोट हळू घातलं तर जातं, जोरात मारलं तर अडतं. याचं चिलखत दाखवायचं तर ते बारीक, अंगालगत, कपड्याखालचं दाखवा.

कपड्याखालचं म्हटल्यावर आपल्याला लगेच १६५९ चा प्रतापगड आठवतो, महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले ते अंगरख्याखाली चिलखत घालूनच. चिलखत दाखवायचं की लपवायचं हा निर्णय तेव्हाही होता आणि तुमच्या कथेतही आहे. भेटीला, वाटाघाटीला, बाजारात जाणारं पात्र ते लपवेल, पहारा देणारं वरून घालेल. लपवायचं असेल तर तुमचं काम फारच कमी, ५ मिमीचा फोम, वर शर्ट, फक्त खांद्याशी आणि गळ्यापाशी कड किंचित दिसू द्या.

मांडणीसाठी परदेशी गेम बघण्यापेक्षा एकदा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रांचं दालन बघून या. "चार आईना" नावाचा चिलखताचा प्रकार आहे, नावाप्रमाणे चार पत्रे, एक छातीवर, एक पाठीवर, दोन बगलांना, चामड्याच्या पट्ट्यांनी जोडलेले आणि खाली कड्यांचं चिलखत. आजचं सैनिकी प्लेट कॅरिअर, म्हणजे प्लेटी ठेवायचं जॅकेट, उघडून बघा, पुढची प्लेट, मागची प्लेट, दोन साइड प्लेट आणि खाली मऊ व्हेस्ट. तीच मांडणी! शेकडो वर्षांत माणसाचं शरीर बदललेलं नाही, हृदय फुप्फुसं तिथेच आहेत, हात तसेच हलतात, त्यामुळे तुमच्या भविष्यातल्या चिलखतालाही हाच सांगाडा द्या, शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर बसेल.

आता मापं. खरी प्लेट लोकांना वाटते त्याहून बरीच छोटी असते, बाजारातलं नेहमीचं माप १० बाय १२ इंच. वरची कड गळ्याखालच्या खळगीपाशी, खालची कड बेंबीच्या दोन तीन बोटं वर. पोट पूर्ण झाकत नाहीत, कारण पोट झाकलं की माणसाला बसता येत नाही. वरचे दोन कोपरे तिरके कापलेले असतात ते दिसायला नाही, हात पुढे आणून बंदूक खांद्याला लावता यावी म्हणून. तुमच्या फोमलाही ते तिरके कोपरे द्याच, नटाला हात पुढे घेता आले पाहिजेत.

हे मी चूक करून शिकले. त्या आधीच्या एका कामात मापं सगळी उभ्याने घेतली, चिलखत बेंबीच्या खालपर्यंत नेलं, उभ्याने फारच रुबाबदार दिसत होतं. रंगीत तालमीत मुलगी स्टुलावर बसली, मांड्यांनी खालची कड वर ढकलली, अख्खं चिलखत सरकून हनुवटीला टेकलं आणि तिचं वाक्य तिथेच दबलं. मान वर करून बोलायला गेली तर वरची कड गळ्यात रुतली. रात्री बसून खालून पाच सेंटिमीटर कापलं, कापलेली कड परत घासली, परत रंगवली, दुसऱ्या दिवशी रंग अजून ओला होता. तेव्हापासून माप घेताना मी माणसाला आधी खुर्चीत बसवते, मांडीपासून छातीपर्यंत किती जागा उरते ते बघते, मग हात समोर क्रॉस करायला लावते, आणि शेवटी उभं करते.

पॅटर्न काढायची सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे टेपवाली. नटाला टाकाऊ टी-शर्ट घाला, त्यावर किचनमधलं पातळ प्लास्टिक रॅप गुंडाळा, फार आवळू नका, त्याला मोठा श्वास घेऊन धरायला सांगा आणि मग गुंडाळा. त्यावर मास्किंग टेपचे दोन थर, एक आडवा एक उभा. आता मार्करने मधली रेघ, गळा, काखा, प्लेटची कड सगळं थेट अंगावरच काढा, आणि जिथे दोन तुकडे जोडले जाणार तिथे रेघेला आडव्या छोट्या छोट्या खुणा करा, दर तीन चार सेंटिमीटरला एक. या खुणा नसतील तर नंतर कुठला तुकडा कुठे बसतो ते कळत नाही आणि तासभर जातो. प्रत्येक तुकड्यावर डावा वर, उजवा खाली असं लिहा. मग बगलेतून कात्रीने कापून काढा, रेघांवरून तुकडे करा, सपाट करा. फक्त एक बाजू घ्या आणि दुसरी तिची उलटी करून काढा, माणूस दोन्ही बाजूंनी सारखा नसतो पण चिलखत सारखं दिसायला हवं.

एक गोष्ट विसरतात ती म्हणजे जाडी. टेपचं माप अंगाचं आहे, फोमची बाहेरची बाजू त्याहून मोठी होते. १० मिमी फोम अंगाभोवती फिरवला की बाहेरचा घेर साधारण ६ सेंटिमीटरने वाढतो. ते मी बगलेत सोडते, बगलेत फोम पूर्ण जोडायचाच नाही, तिथे पट्टा द्यायचा, म्हणजे जेवल्यावर सैल करता येतो आणि पुढच्या प्रयोगाला दुसरा नट आला तरी बसतं.

सामान फार लागत नाही. ईव्हीए फोम, मुख्य अंगाला १० मिमी, वरच्या नक्षीला ५ आणि २ मिमी. लहान मुलांच्या खोलीत टाकतात त्या जिगसॉ मॅट चालतात पण कडक बघून घ्या, बोटाने दाबून सोडल्यावर लगेच वर आली पाहिजे. थर्माकोल आणू नका, फेविकॉल एसआर हा रबरी गोंद लावला की तो विरघळतो आणि स्प्रेनेही खड्डे पडतात. फेविकॉल एसआर, साधा पांढरा फेविकॉल, तुकडे तोडता येणारा कटर आणि भरपूर ब्लेड, हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारी), पॉलिश पेपर, नायलॉनची पट्टी, प्लास्टिकची क्लिप बकलं, वेल्क्रो. पट्ट्या आणि बकलं बॅगचं सामान विकणाऱ्यांकडे घ्या, पुण्यात असाल तर रविवार पेठेत एक चक्कर मारली की बहुतेक सगळं मिळतं.

कापताना ब्लेड नवं हवं, खरंच नवं, दर दोन तीन लांब कटला एक तुकडा तोडा. बोथट ब्लेडने फोम कापला जात नाही, फाटतो, आणि फाटलेली कड रंगानंतर जास्तच दिसते. एका दमात आरपार जाऊ नका, दोन तीन हलक्या हातांनी. जिथे दोन तुकडे कोनात भेटतात तिथे कड ४५ अंशात तिरकी कापा.

मग हीट गन. फोमपासून वीतभर लांब धरून सतत हलवत राहायचं, आधी पृष्ठभाग मंद असतो, मग एकदम किंचित चकाकतो, तीच वेळ. त्याच्या पुढे गेलात तर फोड येतात आणि वास सुटतो, तो धूर छातीत घेऊ नका. चकाकला की लगेच उचलून कशावर तरी वाकवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. मी छातीच्या बाकासाठी आजीची पितळेची कळशी वापरते, तिच्या पोटाची गोलाई माणसाच्या बरगड्यांना अगदी बरोबर जमते. हीट गनचा दुसरा उपयोग रेघांना, ब्लेडने अर्ध्या खोलीची रेघ मारा आणि वरून गरम करा, रेघ आपोआप उघडते, दोन पत्रे जोडल्यासारखी.

जोडणीला सगळ्यात जास्त लोक घाई करतात. फेविकॉल एसआर दोन्ही कडांना लावायचा, पातळ, जुन्या कार्डाने ओढून, आणि मग थांबायचं. दहा पंधरा मिनिटं. पावसाळ्यात वीस. ओला असताना जोडलात तर घसरत राहतो आणि कधीच नीट धरत नाही. बोटाची मागची बाजू लावून बघा, चिकटल्यासारखं वाटतं पण बोटाला काही येत नाही, तेव्हा तयार. आता एकच संधी असते, टेकलं की टेकलं, म्हणून आधी दोन्ही टोकांच्या खुणा जुळवा, मग मधली खूण, मग उरलेलं बोटांनी चिमटत चिमटत, खूण खुणेला. चांगला सांधा झाला की नख फिरवलं तर अडत नाही. फट राहिलीच तर अॅक्रिलिक सीलंट ओल्या बोटाने भरा. आणि हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून, ज्योत किंवा सिगरेट आसपास नको. घासताना मास्क घाला, फोमची धूळ फार बारीक असते.

खरेपणा आणणाऱ्या बारीक गोष्टी दोन तीनच असतात पण त्या अचूक करा. पुढच्या बाजूला पाऊच अडकवायच्या आडव्या नायलॉन पट्ट्या दिसतात ना, त्या एक इंच रुंद, मध्ये एक इंच मोकळी जागा, आणि दर दीड इंचाला शिवलेल्या असतात, हे माप पाळलंत की नजर लगेच ओळखते. पाठीवर वर, मानेखाली, एक जाड पकड द्या, जखमी माणसाला ओढून नेण्यासाठी असते ती, आणि नाटकात तर तिचा फार छान वापर होतो, आमच्या शेवटच्या प्रसंगात मैत्रिणीने नायिकेला त्याच पकडीने ओढत नेलं. ती पकड नुसत्या फोमला चिकटवू नका, पट्टा आतून पाठभर फिरवून खांद्यावरून पुढे आणा, माणसाचं वजन पट्ट्याने घ्यायला हवं, आणि तालमीत आधी हळू ओढून बघा. आणि आतल्या बाजूला लेबल. खऱ्या प्लेटवर कुठली बाजू बाहेर ठेवायची ते छापलेलं असतं, व्हेस्टवर साइज आणि बनवल्याची तारीख असते, कारण धागे ऊन, घाम, दमटपणाने कमकुवत होतात आणि वॉरंटी साधारण ५ वर्षांची असते. झायलॉन नावाचा धागा तर उष्णता आणि दमटपणात एवढा लवकर खराब होत होता की २००५ मध्ये अमेरिकेत त्याच्या व्हेस्टची मान्यता काढून घेतली. मुदत संपलेलं चिलखत घालून पहारा देणारी गरीब वसाहतीतली पोरगी, नुसत्या एका लेबलवर अख्खी गोष्ट उभी राहते बघा. आमच्या लेबलवर आम्ही मराठीतच लिहिलं होतं, "मारा झेलणारी बाजू बाहेर", आणि खाली खोडून परत लिहिलेली तारीख.

रंगाआधी फोम सील करा नाहीतर रंग पिऊन टाकतो. पांढरा फेविकॉल आणि पाणी समसमान, चार पाच पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. मग रंग, आणि कृपा करून चांदी नको. बोरॉन कार्बाइड काळपट करडं असतं, अॅल्युमिना पांढरट, आणि खरी प्लेट तर कापडी कव्हरमध्येच असते. मंद करडा, मातकट, धुरकट निळा असे रंग घ्या, स्टेजच्या लाइटखाली चकाकणारा रंग डोळ्यांत जातो आणि प्लास्टिक दिसतो. चांदी लावायचीच तर कोरड्या ब्रशने, ब्रश कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून, फक्त कडांवर, जिथे हात घासतो, पट्टा घासतो, बसताना टेकतं तिथे. मग गडद तपकिरी अॅक्रिलिक पाण्यात पातळ करून सगळीकडे फासा आणि लगेच फडक्याने पुसा, खाचांमध्ये उरतो तो मळ. खांद्यावर, कॉलरवर मळ जास्त, छातीच्या मधोमध कमी.

आणि जखमा. इथे परत तोच पहिला प्रश्न. सिरॅमिकला पोचे पडत नाहीत, म्हणून हातोडीने ठोकल्यासारखे खड्डे करू नका, कापड फाटलेलं, आत काळं, आणि मधून कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा करा. गोळी एकदा लागलेल्या जागेजवळ प्लेट परत भरवशाची राहत नाही, हे पात्राला माहीत असतं, ते त्या जागेवर हात ठेवून चालेल. कापडी व्हेस्टला छोटं भोक आणि भोवती धागे उसवलेले. लेझरला भाजल्याची कड, मधे काळं, बाहेर तपकिरी, आणि वडीचा कोपरा गेलेला. अवकाशातल्या कणांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं पातळ पत्र्यावर, आतल्या भिंतीवर पसरट डाग. चाकूला लांब तिरका ओरखडा जो एका पट्टीच्या कडेवर येऊन थांबतो. आम्ही असे तीनच ओरखडे दिले, तिन्ही डाव्या बाजूला, कारण समोरचा उजव्या हाताने वार करतो. प्रयोगानंतर एक बाई येऊन नेमकं तेच म्हणाल्या, "ही खूप मारामाऱ्या केलेली वाटते".

तयार झालं की ते घालून तालीम करा, कमीत कमी चार दिवस. फोमचा एक चौरस मीटर १० मिमीचा साधारण एक किलो भरतो, म्हणजे तुमचं अख्खं चिलखत किलोभरच. खरी मध्यम आकाराची एक सिरॅमिक प्लेट एकटीच दोन अडीच किलोच्या घरात जाते, आणि तशा दोन असतात. हलकं चिलखत घातलेला नट हलका चालतो आणि तिथेच सगळं उघडं पडतं. मी तालमीत पुढे मागे दीड दीड किलो राजमा कापडी पिशवीत भरून आत बांधते. दोन दिवसांत खांदे मागे जातात, वळताना पाय आधी वळतो मग अंग, जिना चढताना हात आपोआप पट्ट्याखाली जातो. मग प्रयोगाला राजमा काढून टाका, चाल राहते.

आतून सुती कापडाचं अस्तर लावा, फोम हवा खेळू देत नाही, लाइटखाली वीस मिनिटांत माणूस भिजतो, आणि दोन अंकांच्या मध्ये क्लिप सोडून पाणी पाजायला एक जण ठेवा. कॉलर माइक असेल तर तो चिलखतावर लावू नका, फोम फोमला घासल्याचा करकर आवाज थेट त्यात जातो, कॉलरच्या कडेला लोकरीची पट्टी चिकटवा आणि माइक केसांत किंवा कानामागे घ्या.

दोन सूचना, दोन्ही मनापासून. हे चिलखत काहीही अडवत नाही, चाकू नाही, छर्रे नाही, काठीसुद्धा नाही, त्यामुळे "बघू किती टिकतं" म्हणून कुणी काही मारून बघायचं नाही, मारामारीच्या प्रसंगात वार अंगापासून वीतभर लांबच थांबला पाहिजे. आणि त्यावर पोलीस, आर्मी असं काही लिहू नका, आपल्या सैन्याचा छापील कपडाही वापरू नका, बाहेर शूटिंग असेल तर लांबून बघणाऱ्याला ते नाटक आहे हे माहीत नसतं. स्वतःच्या वसाहतीचं नाव, स्वतःचं चिन्ह बनवा, त्यातच जास्त मजा आहे.

प्रयोग झाला की चिलखत ओल्या फडक्याने आतून पुसून, पंख्याखाली वाळवून, आत वर्तमानपत्रांचे बोळे भरून उभं ठेवा. घडी घालून किंवा वर काही ठेवून ठेवलंत तर बाक मोडतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, फोम नरम पडतो आणि सांधे सुटतात. सुटलाच एखादा सांधा तर जुना गोंद नखाने सोलून काढा, दोन्ही कडांना नवीन हात द्या, आणि परत तेच, पंधरा मिनिटं थांबा.